प्रकल्प नोंदी: गावातली झाडं, धारूर डोंगरपट्टा (जून २०२३ ते जुलै २०२४)

४ जून २०२३

आपल्या झाडं लावायच्या ग्रुपमधली निम्मी पोरं पुण्याकडं कंपनीत, उरलेल्यातली निम्मी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणार, त्यामुळं कोणी कधी काय केलं ते कुणालाच धड कळत नाही, म्हणून इथून पुढं मी नोंदी टाकत जाईन. आवाजातले मेसेज पाठवू नका, लिहून पाठवा, दुकानात गिऱ्हाईक असताना ऐकता येत नाही.

काल वटपौर्णिमा झाली. स्टँडजवळच्या वडाला हात पोचेल तिथवर एक पान शिल्लक नाही आणि त्याच फांद्या बाजारात दहा-दहा रुपयाला. असो. संध्याकाळी पारावर मीटिंग झाली. एक म्हणला दोन हजार झाडं लावू, दुसरा म्हणला पाच हजार, बोलायला काय लागतंय. रोपं सामाजिक वनीकरणाच्या नर्सरीतून, खड्डे जेसीबीनं, एका रविवारात विषय संपला. सरकारी मोहिमांचे आकडेही असेच चढत गेलेले सगळ्यांना पाठ आहेत, २०१६ ला २ कोटी, मग ४, मग १३, आणि २०१९ ला ३३ कोटी. आपल्या तहसील रोडला कुठल्यातरी जुन्या लागवडीचे खड्डे अजून आहेत, कुणी पाडले ते आता कुणालाच सांगता येत नाही, आत फुफाटा आणि गुटख्याच्या पुड्या.

मी उलट्या बाजूनं हिशोब मांडला. टँकरवाले मामा डिझेलच्या पैशात आठवड्याला एक पाच हजार लिटरचा टँकर द्यायला तयार आहेत. लहान रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला पंधरा लिटर तरी पाहिजे. ५००० भागिले १५ म्हणजे ३३३, सांडलवंड आणि गळका पाईप धरला की तीनशे. म्हणजे आपली झाडं तीनशे, तीनशे एकावं झाड लावायचं असेल त्यानं त्याचं पाणी स्वतःच्या घरून आणायचं. दोघं नाराज होऊन उठून गेले, त्यातला एक चहा पिऊन परत आला.

११ जून

खड्ड्यांचं. गावाची जमीन एकसारखी नाही हे आधी ध्यानात घ्या. स्टँड ते तहसील, वर चार बोटं माती, खाली मुरूम, त्याच्या खाली काळा पाषाण. बाजार मैदान मात्र ओढ्याच्या अंगाला आहे, तिथं काळी भारी माती. लोकांना वाटतं काळी म्हणजे झाडाला सोनं. पावसाळ्यात खरंय, पण एप्रिलात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, भेग रुंदावताना कोवळ्या मुळ्या ताणून तोडते आणि आतली ओल त्याच भेगेतून उडून जाते. मुरमाचं उलटं, तो पाणी धरत नाही, पहिली दोन वर्षं जीव खातो, पण मुळी एकदा फटीत शिरून खाली गेली की पुढं झाडाला तुमची गरज उरत नाही.

म्हणून मुरमात दोन बाय दोन बाय दोन फूट, काळीत दीड फुटाचा खड्डा बास. मशीननं खड्डे पाडले तर भिंती गुळगुळीत होतात आणि मुळ्या आतल्या आत गोल फिरत बसतात, त्यामुळं मशीन गेल्यावर प्रत्येक खड्ड्याच्या भिंतीला पहारीनं चार ठिकाणी टोचायचं. हे काम बोअर आहे, कुणी करत नाही, करा. भरायला पाझर तलावातला गाळ, कुजलेलं शेणखत, दोन ओंजळी निंबोळी पेंड. शेणखत कच्चं घालू नका, वाळवीला आवतण दिल्यासारखं होतं.

खरं म्हणजे खड्डे मे महिन्यात पाडून उन्हात तापवायचे असतात. आता पाऊस लांबलाय तर तेवढंच ऊन मिळतंय.

१८ जून

आज नुसती भांडणं. विषय, कोणती झाडं.

एका मेंबरला रोडच्या मधोमध पाम पाहिजे, संभाजीनगरला बघून आलाय. दुसऱ्याला गुलमोहर, लवकर वाढतो आणि लाल फुलं. गुलमोहर वाढतो लवकर आणि वादळात मोडतोही लवकर, त्याच्या खाली रिक्षावाले उभे राहणार आहेत. तिसऱ्याला कोनोकार्पस, कारण नर्सरीवाला म्हणला शेळी खात नाही आणि वर्षभर हिरवं. ते शेळी खात नाही हेच इथं सगळ्या झाडांचं कॅरेक्टर सर्टिफिकेट झालंय, डोंगरावर बघा, लावलेल्यापैकी उरलं काय तर उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया. जमिनीला त्याचा पाला चांगला, नत्र देतं, मान्य, पण सगळा डोंगर एकाच झाडाचा करायचा म्हणजे मग मधमाश्यांनी आणि पाखरांनी बाकीच्या वर्षात काय करायचं.

मग मियावाकीचा विषय निघाला. सरांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. अकिरा मियावाकी हे जपानचे वनस्पतीशास्त्रज्ञ, चौरस मीटरला तीन-चार रोपं दाट लावायची, रोपं उजेडासाठी स्पर्धा करत उंच जातात. पद्धत खोटी नाही. पण पहिली दोन-तीन वर्षं तिला पाणी पाहिजे, आणि मराठवाड्याची मान्सूनची सरासरीच ६८० मिलिमीटरच्या आसपास, आपला डोंगर तर त्याच्याही कोरड्या अंगाला. इथलं मूळचं रान म्हणजे विरळ झाडं, मध्ये गवत, काटेरी झुडपं. हिवर, खैर, बोर, बाभूळ, पळस, आपटा. दाट जंगल इथं कधी नव्हतंच तर ते टँकरनं का उभं करायचं. सरांना पटलं नाही, त्यांनी शाळेच्या मागं एक छोटा तुकडा मागितलाय, म्हणलं घ्या, पण पाणी शाळेचं.

ठरलं ते असं. तहसील रोडच्या ज्या बाजूला लाईटच्या तारा आहेत तिथं बुटकी झाडं, बहावा, आपटा, कांचन, नाहीतर दरवर्षी महावितरणची माणसं येऊन शेंडे छाटणार. दुसऱ्या बाजूला कडुनिंब आणि करंज. बाजार मैदानाच्या कडेनं चिंच आणि करंज. स्मशानभूमीत बेल, कडुनिंब, दोन वड, तिथं जागा आहे. हापशाच्या सांडपाण्याला उंबर. गायरानाच्या तुकड्यात हिवर, खैर, बोर, सीताफळ. बीडच्या सीताफळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय २०१६ ला, आणि आपण पोरांना सीताफळाचं झाड दाखवायला डोंगरावर नेतो. वड-पिंपळ नाल्याच्या भिंतीजवळ नको, पाच वर्षांनी भिंतीसकट झाड काढतील.

२७ जून

पाऊस नाही. बिपरजॉय वादळानं मान्सून अडवला, दोन-तीन दिवसांखाली कुठं महाराष्ट्र व्यापला म्हणतात, आपल्याकडं नुसतं आभाळ. पेरण्या खोळंबल्यात त्यामुळं माणसं मोकळी आहेत पण मूड कुणालाच नाही.

नर्सरीत जाऊन आलो. ताई म्हणाल्या उंच रोपं न्या, सहा फुटी, फोटोत दिसतात. मी पिशव्या उलट्या करून बघितल्या. उंच रोपं दोन वर्षं त्याच लहान पिशवीत आहेत, मुळ्यांचं तळाला भेंडोळं झालंय, असं झाड तीन-चार वर्षं बरं दिसतं आणि एका वाऱ्यात उपटून पडतं. आपण अडीच-तीन फुटी, खोड करंगळीपेक्षा जाड, मोठ्या पिशवीतली घेतली. ताई आधी हसल्या, मग स्वतःच निवडून देत होत्या. पिशवीखालून मुळी जमिनीत गेलेली असेल तर ते रोप घेऊ नका, उपसताना सोटमूळ तुटतं.

लिंबोळ्या पडायला लागल्यात. शाळेतल्या पोरांना सांगितलंय गोळा करा, गर धुवा, सावलीत वाळवा. कडुनिंबाचं बी जास्त दिवस टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत टोकलं पाहिजे, पुढच्या वर्षीसाठी डब्यात ठेवलं तर काही उगवत नाही. बाभळीचं उलटं, साल इतकी टणक की नुसतं टाकलं तर पडून राहतं. गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवायचं, नाहीतर सरळ शेळ्यांच्या वाड्यावरनं लेंड्यांतलं बी आणायचं, शेळीच्या पोटातनं आलेलं बी लवकर फुटतं. आमच्या आबांनी अर्धं पोतं दिलंय, फुकट, वर म्हणाले पहिल्यांदाच कुणीतरी लेंड्या मागायला आलं.

२३ जुलै

लागवड सुरू. मधले दोन पाऊस वरवरचे होते, लोक लावू लावू करत होते, मी थांबवलं. सळई खुपसून बघायची, वीतभर ओल म्हणजे काही नाही, हातभर सळई सहज गेली पाहिजे.

कार्यक्रम केला नाही, पाहुणा बोलावला नाही, त्यामुळं काम पटकन झालं. एकदोघांनी पिशवीसकट रोप लावलं होतं, काढून परत लावलं. पिशवी ब्लेडनं उभी कापायची, गड्डा फुटू द्यायचा नाही, रोप पिशवीत जेवढं मातीत होतं तेवढंच खड्ड्यात. आळं झाडाभोवती गोल, उताराकडच्या अंगाला बांध जाड. काठी वाऱ्याच्या बाजूला, बांधायला जुन्या साडीची पट्टी, सुतळी किंवा तार नको, खोड कापते.

गायरानात रोपं कमी आणि बी जास्त. समपातळीत चर काढलेत, चराच्या उकरलेल्या मातीवर बाभूळ, हिवर, सीताफळ, लिंबोळ्या टोकल्या. उगवलं तर उगवलं, त्याला टँकर नाही.

रोडला ११०, बाजार मैदान ५०, शाळा आणि वसतिगृह ४०, मशिदीची भिंत २०, स्मशानभूमी ४०, गायरान ४०. तीनशे भरली.

२० ऑगस्ट

महिना कोरडा. सोयाबीन फुलात आलंय आणि पानं दुपारी मान टाकतायत. झाडांना ऑगस्टमध्ये टँकर लावावा लागतोय असं मामांनी आजवर बघितलं नाही.

काल टँकर रोडला उभा असताना एक शेतकरी काका थांबले, म्हणाले आमची पिकं जळायलीत आणि तुम्ही रस्त्याच्या झाडाला पाणी पाजताय. यावर उत्तर नाही आणि देऊही नये. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं सगळ्यांनी बघितलंय, पाण्यावरनं इथं भावाभावात मारामाऱ्या होतात. मग रात्री बसून ठरवलं की पिण्याचं पाणी झाडाला घालायचं नाही, एक घागरसुद्धा नाही, आणि लोकांना दिसेल असं सांगायचं. टँकरवर बोर्ड लावला, वापरलेलं पाणी.

आता वापरलेलं पाणी आणायचं कुठून. गावात फिरून यादी केली:

जारवाल्यांचे आरओ प्लांट. जेवढं गोड पाणी निघतं तेवढंच, कधी जास्त, खारट पाणी नालीत जातं. मालक म्हणला न्या की, माझी नाली तुंबणार नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजला, दीड हजाराच्या वर. कडुनिंब, करंज, बाभूळ सहन करतात, नाजूक झाडाची पानं कडेनं करपतात. म्हणून नुसतं हेच नाही, एक पाळी खारट, एक पाळी साधं, आणि पावसात एकदा आळं भरून वाहू द्यायचं म्हणजे मीठ खाली जातं.

मशिदीत वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतलेलं पाणी. पाच वेळेला, साबण नाही, काही नाही, रोज ठरलेलं. चाचांना विचारलं तर म्हणाले हे आम्हालाच आधी सुचायला पाहिजे होतं, आणि स्वतः प्लंबर बोलवून पाईप भिंतीच्या कडेनं चारीत सोडला. त्या भिंतीच्या वीस झाडांना टँकरची गरज संपली.

हॉटेलांचं भांडी धुतलेलं पाणी नको, तेल आणि सोडा. गाड्या धुवायच्या सेंटरचं तर अजिबात नको. शाळेत पोरं डबा खाऊन हात धुतात ते पाणी चालतं, तिथं एक बॅरल ठेवलाय.

२ सप्टेंबर

हवामान खात्यानं सांगितलं की देशातला हा १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आपल्याला न सांगता कळलं होतं. मेलेली झाडं रोडला जास्त. मल्चिंग, म्हणजे आळ्यावर पाल्याचं झाकण, आताच करून घ्या, उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, काहीही, चार बोटं जाड, खोडाला चिकटवू नका.

२६ ऑक्टोबर

दसरा झाला. आपट्याची अडीच फुटाची रोपं, त्यांचीसुद्धा पानं ओरबाडली. सोनं घ्या सोन्यासारखं राहा. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधल्या दिवशी प्रत्येक आपट्याला बोरीच्या काट्या, आणि शाळेत सरांनी पोरांना आधीच सांगायचं. मोठी माणसं ऐकणार नाहीत, पोरं ऐकतात.

कडुनिंबाचे शेंडे वाळतायत म्हणून फोटो आलेत, घाबरू नका, उपटू नका. किडा आणि बुरशी दोन्ही असतं, तेलंगणात २०२१ ला मोठ्या प्रमाणावर झालं होतं, बऱ्याच झाडांना नंतर नवी पालवी येते. वाळलेला शेंडा छाटून जाळून टाका, एवढंच.

आणि कोनोकार्पसवाल्यांसाठी बातमी, गुजरात सरकारनं गेल्याच महिन्यात त्याच्या लागवडीवर बंदी घातली. नर्सरीवाला अजून विकतोय.

खरा प्रश्न वेगळा. ऊसतोडीच्या मुकादमांच्या गाड्या लागायला लागल्यात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी दिवाळीची वाट बघत नाहीत, साखर कारखाने १ नोव्हेंबरला पेटणार. म्हणजे आपल्या पालक यादीतली, कोणतं झाड कुणी सांभाळायचं त्या यादीतली, बरीच नावं आता थेट मार्च-एप्रिलात दिसणार, आणि झाडाला पाणी पाहिजे नेमकं मधल्या त्याच महिन्यांत. वनमहोत्सव जुलैत येतो कारण तेव्हा माती ओली आणि माणसं गावात. नोव्हेंबर ते एप्रिल गावात राहतं कोण, म्हातारी माणसं, दुकानदार, शिक्षक, पोलीस, आणि हंगामी वसतिगृहातली उसतोड्यांची लेकरं. मग यादी त्यांच्याच नावावर पाहिजे. आठवडाभर दारोदार फिरून यादी बदलली. ज्याच्या दारात झाड त्याचंच नाव, आवड असो नसो. एक आजी म्हणाल्या मला दिसत नाही नीट, पण पाणी घालायला दिसायला कशाला पाहिजे, झाड काय पळून जातंय. त्यांच्याकडं तीन झाडं दिलीत.

२ नोव्हेंबर

बीडला संचारबंदी, एसटी बंद, इंटरनेट बंद, म्हणून नोंद उशिरा.

दुष्काळाची यादी आली, राज्यात ४० तालुके, त्यात धारूर, वडवणी, अंबाजोगाई आहेत. लोकांना वाटतं दुष्काळ जाहीर झाला म्हणजे मदत येते. येईल तेव्हा येईल, पण आपल्यावर त्याचा परिणाम वेगळा. पिण्यासाठी खाजगी विहिरी-बोअर अधिग्रहण होतात. मामा ज्या बोअरवर टँकर भरायचे ती त्यात जाणार हे आजच धरून चला. म्हणजे साध्या पाण्याची पाळी बंद, उरलं आरओचं खारट आणि हात धुतलेलं. बहावा आणि कांचन आधी जातील असं दिसतंय. वसतिगृहाच्या मॅडमना भेटलो, अंघोळीच्या पाण्यासाठी खड्डा करून बॅरलनं काढता येईल का बघतायत, साबण थोडा असतो पण वाळूच्या थरातून सोडलं तर चालेल.

२९ नोव्हेंबर

अवकाळी दोन-तीन दिवस. वेचायचा कापूस भिजला, तुरीचा फुलोरा गळला, आणि आपली आळी भरली, मीठ धुऊन गेलं. याचा आनंद ग्रुपवर टाकू नका.

१४ जानेवारी २०२४

शेळ्या. लोखंडी ट्रीगार्ड रोडला लावले होते, कुणीतरी देणगी दिली होती, त्यातले बरेच भंगारात गेले. कुणी नेले माहितीय, गावात सगळ्यांना माहितीय, पण भांडून उपयोग नाही. आता बोरीच्या आणि बाभळीच्या काट्यांचं कुंपण, खालून रुंद वरून निमुळतं, वाळलं की अजून टोचतं, आणि चोराला नेऊन काही मिळत नाही. दर दोन महिन्यांनी वाळवी लागलेल्या काट्या बदलायच्या.

गायरानावरनं मेंढरं जातात, पिढ्यान्‌पिढ्यांची वाट आहे. एकानं तारेचं कंपाऊंड सुचवलं. धनगर आबांशी बोललो त्याच्याऐवजी. ते म्हणाले वाट बंद करू नका, मी कळप वरच्या अंगानं नेतो, पण बाभळी मोठ्या झाल्या की शेंगा माझ्या. लिहून काही घेतलं नाही. तेव्हापासून कळप वरनंच जातोय आणि दुसऱ्या कुणाची जनावरं आली तर आबाच फोन लावतात.

१८ मार्च

आचारसंहिता लागली. एका ऑफिसनं तोंडी कबूल केलं होतं की उन्हाळ्याचे टँकर आम्ही देतो, आता म्हणतात नवीन काम काढता येत नाही, निवडणुकीनंतर या. निवडणूक संपेल तोवर मे सगळा जाणार. टँकरच्या डिझेलला वर्गणी, रोडच्या दुकानदारांकडून आठवड्याचे पन्नास. जे देतात त्यांच्या समोरच्या झाडाला आधी पाणी असं कुणीतरी म्हणलं, ते नको, मग दुकान नसलेल्या ठिकाणची झाडं मरतील.

होळी येत्या रविवारी. पोरांना लाकडाऐवजी गोवऱ्या जमवायला लावलंय. तरी रात्री एक माणूस रोडला, एक स्मशानभूमीत.

७ एप्रिल

मोजणी केली. मशिदीच्या भिंतीची वीसच्या वीस. शाळा-वसतिगृह ४० पैकी ३८, पोरांनी वर्गावार वाटून घेतलीत आणि आठवीचं मेलं म्हणून नववीवाले चिडवतात. स्मशानभूमी ३१. गायरान २७, वर टोकलेल्या बियांची हिवर-बाभूळ भरपूर उगवलीयत, ती मोजलीच नाहीत. रोड ७१, त्यातली काही पाण्यानं नाही तर नाली खोदणाऱ्या कंत्राटदारानं घालवली, मुकादमाला झाडं दाखवूनसुद्धा. बाजार मैदान २३, सगळ्यात वाईट, काळी माती भेगाळली, शिवाय बाजाराच्या दिवशी बैल, टेम्पो, सगळं झाडालाच बांधतात. एकूण २१०.

जात बघितली तर कडुनिंब, करंज, हिवर जवळजवळ सगळे आहेत. खारट पाण्यावरचे बहावे बरेच गेले. उंबर हापशापाशी माणसाच्या डोक्यावर गेलाय. सरांचा शाळेमागचा दाट तुकडा जिवंत आहे, खरं सांगायचं तर मस्त दिसतोय, पण त्याला रोज पाणी लागतंय आणि सुट्टीत शिपाई मामा एकटेच घालतात. दोन चौरस मीटरवर शाळेचा जेवढा बॅरल जातो तेवढ्यात रोडची दहा झाडं जगतात, हे मी सरांना परत सांगितलं, ते परत हसले.

१४ मे

काल मतदान झालं. ऊन बेकार. पाणी रात्री नऊच्या पुढं घालतोय, दिवसा घातलेलं निम्मं उडून जातं. लहान झाडांना पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा केलाय, पऱ्हाट्याही चालतात, ऊन अडतं आणि वारा खेळतो. शेडनेट विकत आणायची गरज नाही.

उसाची माणसं आलीत परत. एक भाऊ आल्या आल्या त्याचं झाड बघायला गेला, तर काट्यांच्या कुंपणावर दुसऱ्याच्या नावाची पाटी, हातघाईवर आलं. मी लावलंय, माझ्या आईच्या नावानं लावलंय. ज्यानं सहा महिने पाणी घातलं तोही मागं हटेना. शेवटी एका पाटीवर दोन नावं. आता अशा दोन नावांच्या पाट्या सगळीकडंच कराव्यात असं वाटतंय, एक पावसाळ्याचा, एक उन्हाळ्याचा.

३० जून

यंदा वेळेवर पडला, ओल चांगली आहे. पाच तारखेपासून एक पेड माँ के नाम ही सरकारी लागवडीची मोहीम सुरू झालीय, एका साहेबांचा निरोप आला की तुमच्या ग्रुपनं किमान हजाराचा आकडा द्यावा, फोटो आणि लोकेशनसकट. हिशोब दाखवला. दुसऱ्या वर्षाच्या झाडाला आता दर आठवड्याला नको, पंधरा दिवसांतून एकदा पंचवीस लिटर, खोल, म्हणजे मुळी खाली जाते. २१० झाडांचे आठवड्याला सव्वीसशे लिटर धरा. टँकरातनं हाती येतात साडेचार हजार. उरले एकोणीसशेच्या आत, म्हणजे नवीन झाडं फार तर सव्वाशे. साहेब म्हणाले सव्वाशेनं काय होतंय. म्हणलं तुम्ही एक टँकर वाढवून द्या, दुसऱ्या दिवशी तीनशे लावतो. अजून फोन नाही.

१३ जुलै

बीड रोडच्या दोन जुन्या चिंचांवर लाल खुणा मारल्यात, रुंदीकरण. शहरी भागातल्या झाडांचा १९७५ चा कायदा आहे, त्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, ५० वर्षांच्या पुढचं झाड वारसा वृक्ष, आणि तोडलं तर झाडाच्या वयाएवढी नवीन झाडं लावायची. चिंचा आमच्या आजोबांच्या आधीच्या आहेत. बुंध्याचा घेर मोजून, फोटो लावून अर्ज दिलाय, पोच घेतलीय. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका कुणीच.

सव्वाशेतली रोडला नालीच्या आतल्या अंगाला, बाजार मैदानात एकही नाही, तिथं आधी पार बांधून घ्यायचा मग बघू. बहावे यंदा फक्त वसतिगृहात. मशिदीच्या मागच्या गल्लीतून चार घरांची मागणी आलीय, त्यांच्या मोरीचं पाणी वाया जातं म्हणून, ते आधी बघून या, साबणाचं किती आणि नुसतं किती. नर्सरीतून शनिवारी रोपं आणायचीत, पिकअप कुणाचा मोकळा आहे तेवढं सांगा, डिझेल ग्रुपचं.